गिऱ्हाइकाचा आरसा

बसूच्या नव्या फ्लॅटचं दार उघडलं आणि समोरून मीच माझ्याकडे चालत आले. हातात मिठाईचा पुडा, प्रवासात चुरगळलेला पदर, आणि चुकीच्या घरात तर शिरले नाही ना, असा चेहरा. दोन पावलं पुढं गेल्यावर उमगलं, हा तर आमचाच आरसा. दुकानातला.

बसू माझा धाकटा भाऊ. नागाळा पार्कात त्यानं फ्लॅट घेतला होता, त्याची वास्तुशांत होती, आणि मी सकाळच्या गाडीनं पुण्याहून आले होते. घराची सजावट एका हुशार मुलीनं केली होती. तिनं तो आरसा दारासमोरच्या भिंतीवर चढवला होता. दोन्ही बाजूंना पिवळे मंद दिवे, खाली अरुंद टेबल, टेबलावर पितळी घंगाळात पाणी आणि पाण्यावर झेंडूची फुलं. येणारी प्रत्येक बाई चपला काढता काढता थबकत होती, केसांवरून हात फिरवत होती आणि मग विचारत होती, कुठनं आणला. माझी भावजय कौतुकानं सांगत होती की घरचाच आहे, सासऱ्यांच्या दुकानातला. तिला खरं तर काच बदलून हवी होती, कारण पारा जागोजागी उडालाय आणि खालच्या कोपऱ्यात तपकिरी डाग पसरलेत. पण त्या मुलीनं हात जोडले म्हणे. नवी काच कुठंही मिळेल वहिनी, म्हणाली, ही मिळायची नाही.

मी चौकटीवरून बोट फिरवलं. शिसवी लाकूड, त्यावर द्राक्षाचा वेल कोरलेला, वर मधोमध पाठीला पाठ लावलेले दोन पोपट. वेलाच्या एका खोल खाचेत नख घातलं, तर नखात गुलाबी भुकटी आली. घासूनपुसून, पॉलिश करूनही ती तिथं राहिली होती. जोतिबाचा गुलाल.

चैत्र यात्रेला डोंगरावरून उतरलेले लोक अंबाबाईला येत आणि तिथून आमच्या महाद्वार रोडवर सांडत. डोक्यापासून पायापर्यंत गुलाबी माणसं. पापण्या गुलाबी, मिशा गुलाबी, कडेवरची पोरंसुद्धा गुलाबी. बायका दुकानाच्या पायरीवर पदर झटकायच्या आणि आत यायच्या, तरी गुलाल त्यांच्यामागून यायचाच. पांढऱ्या गादीवर त्यांच्या बसण्याच्या खुणा उमटायच्या. अप्पा, म्हणजे माझे वडील, त्या दिवसांत गादीवरची चादर बदलायचे नाहीत. देवाचं हाय, म्हणायचे, पडू दे. दुकान बंद करताना दिव्याच्या उजेडात हवा गुलाबी दिसायची, आणि आरशावर तर इतका थर बसायचा की बसू बोटानं त्यात आपलं नाव लिहायचा.

दुकान अरुंद आणि लांब होतं, आगगाडीच्या डब्यासारखं. दोन्ही बाजूंना छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर साड्यांच्या घड्या, आणि अगदी शेवटी, जमिनीवरच्या बुटक्या चौथऱ्यावर टेकवलेला हा आरसा. बेल्जियमची काच. अज्जांनी, म्हणजे अप्पांच्या वडिलांनी, कुठल्याशा जहागीरदाराच्या बंगल्यातलं सामान निघालं तेव्हा तो आणला, असं सांगायचे. उंच माणूस डोक्याच्या पागोट्यापासून पायातल्या वहाणांपर्यंत त्यात मावायचा. काचेच्या कडांना पैलू होते. दुपारी रस्त्यावरून एखादी रिक्षा वळली की तिच्या काचेवरचं ऊन आरशाच्या कडेवर पडायचं आणि साड्यांवरून इंद्रधनुष्याची एक पट्टी पळत जायची.

त्या आरशात घरच्या बायकांनी बघायचं नाही, असा अज्जांचा दंडक होता. हा गिऱ्हाइकाचा आरसा आहे, घरच्या माणसांनी त्यापुढं मुरडायला लागलं तर गिऱ्हाईक कुठं उभं राहणार, असं त्यांचं म्हणणं. अज्जा मी लहान असतानाच गेले, पण दंडक राहिला. माझी अव्वा, आई, सणासुदीला दुकानात लक्ष्मीपूजनाला यायची, तेव्हाही आरशाला हळदकुंकू वाहायची ते बाजूला उभी राहून, चौकटीला. तिच्या माहेरी निपाणीकडं कन्नडच जास्त. मराठी ती बिनचूक बोलायची, पण हळू, आणि अनोळखी माणसासमोर तर बोलायचीच नाही. पोरांना कळू नये म्हणून अप्पा आणि ती कन्नडमध्ये बोलत. आम्हाला सगळं कळायचं.

अप्पांचं साडी दाखवणं बघायला मी शाळा सुटल्यावर मुद्दाम दुकानात जायची. अप्पा म्हणजे तालमीतलं अंग, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, भरघोस मिशा. हा एवढा माणूस घडी एका झटक्यात उलगडायचा. फडफड असा आवाज व्हायचा, खळीचा आणि कोऱ्या कपड्याचा वास सुटायचा, आणि पुढच्या क्षणी साडी त्यांच्या खांद्यावर असायची. चिमटीत चार निऱ्या, डाव्या हातावर पदर, काठ असा सरळ की पट्टीनं आखावा. मग ते आरशासमोर अर्धवट वळून उभे राहायचे. कुणी हसायचं नाही. मिशांसकट ते त्या साडीत शोभायचे, कारण तेवढा वेळ ते स्वतः तिथं नसायचेच. नुसती साडी असायची. डाळिंबी, श्रीखंडी, चिंतामणी, मोरपंखी. रंगांची ही नावं मी पाढ्यांच्या आधी शिकले.

हिवाळ्यात गुऱ्हाळं सुरू झाली की गिऱ्हाइकांच्या अंगाला काकवीचा वास यायचा. पावसाळ्यात दुकान ओलसर व्हायचं, डांबराच्या गोळ्यांचा उग्र दर्प सगळ्यावर चढायचा, आरसा धुरकटायचा आणि अप्पा धोतराच्या जुन्या तुकड्यानं तो गोल गोल पुसत बसायचे. आणि वैशाखात बस्ते. लग्नाचा बस्ता बांधायला अख्खं खटलं टेंपोतून यायचं. नवरी, तिची आई, सासूबाई, दोन्हीकडच्या आत्या. मी गादीच्या कोपऱ्यात बसून त्यांच्याकडं बघायची. नवरी आरशासमोर उभी राहायची, पण तिची नजर स्वतःवर नसायची. आरशातून ती मागं बसलेल्या सासूचा चेहरा बघत असायची.

मी नववीत जाणार होते त्या वैशाखातली गोष्ट. एका सकाळी अप्पांनी चूळ भरली आणि पाणी त्यांच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून शर्टावर सांडलं. त्यांनी परत भरली, परत सांडलं. ते आमच्याकडं वळले तेव्हा त्यांचा अर्धा चेहरा ओळखीचा होता आणि अर्धा खाली ओघळलेला. डावा डोळा मिटत नव्हता. अव्वाच्या हातातला तांब्या तिथंच राहिला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की घाबरायचं कारण नाही, हातपाय ठीक आहेत, चेहऱ्याची तेवढी नस दुखावलीय. औषधं दिली. पण औषधांनी निम्मंच काम होईल, म्हणाले. उरलेलं तुम्ही करायचं. रोज आरशासमोर उभं राहायचं. गाल फुगवायचे, भुवया उचलायच्या, प, फ, ब, भ, म म्हणायचं, आणि आपल्या तोंडाकडं बघत बघत म्हणायचं. नाहीतर चेहरा असाच राहील.

अप्पांनी औषधं घेतली. आरशाचं मात्र नाव काढू दिलं नाही. घरातला दाढीचा आरसा त्यांनी उलटा करून खुंटीला टांगला. न्हाव्याला घरी बोलावू लागले. आम्ही पोरांनी भांग पाडायला कपाटातला हातआरसा लपवून वापरायचा, असं काही न बोलताच ठरून गेलं. चार दिवसांनी ते दुकानात गेले, आणि संध्याकाळी मी गेले तेव्हा मोठ्या आरशावर पांढरी चादर होती. मी विचारलं तर म्हणाले, पारा खराब होतोय उन्हानं. त्या टोकाला थेट ऊन कधीच येत नसे.

आरसा झाकल्यावर दुकान एकदम अर्धं झालं. तोवर मला वाटायचं की आमचं दुकान खूप लांब आहे. अप्पा डावा गाल फळ्यांकडं करून कोपऱ्यात बसायचे, तोंडाशी रुमाल. प आणि ब त्यांच्या ओठांतून वाऱ्यासारखे निसटायचे, म्हणून त्यांनी बोलणंच कमी केलं. गिऱ्हाइकानं खांद्यावर टाकून दाखवा म्हटलं की ते घडी पुढं सरकवायचे. बायका साडी चाचपायच्या, इकडं तिकडं बघायच्या, जाऊन येतो म्हणायच्या आणि यायच्या नाहीत. ऐन बस्त्यांचे दिवस होते.

तेव्हा अव्वा दुकानात येऊ लागली. कुणी सांगितलं नव्हतं. दुपारचा डबा घेऊन आली, डबा झाल्यावर परत गेली नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच आली. गादीवर बसायला तिला संकोच वाटायचा, म्हणून कडेला टेकायची. मागितलेली साडी काढून द्यायची, उरलेल्यांच्या घड्या घालायची. घड्या तिच्या सुरेख व्हायच्या, पण ती साडी उलगडायची ती घरात धुतलेली चादर उलगडतात तशी. गिऱ्हाइकाला त्यात साडी दिसायची नाही. घरी ती अप्पांच्या ताटात भाकरी कुस्करून वाढायची आणि त्यांच्या तोंडाकडं न बघता जेवायची. एकदा मी तिला कन्नडमध्ये त्यांना विनवताना ऐकलं. निदान पाण्याच्या घंगाळात बघा, म्हणत होती.

सुट्टी होती, म्हणून त्या दुपारी मी आणि बसू दुकानातच होतो. कबनूरच्या गौराक्का आल्या. त्यांची मुलं तिथं यंत्रमाग चालवायची. मागांच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळं त्या हळू बोलूच शकत नसत. केसांत कायम कापसाची तूस अडकलेली. घरी रात्रंदिवस कापड निघायचं, पण लेकींच्या बस्त्याला त्या आमच्याचकडं यायच्या. थोरल्या दोघींचा अप्पांनीच बांधला होता. आता धाकटी शैला होती, आणि तिच्या सासरच्या दोघी बायका. अप्पांना त्यांनी नमस्कार केला, काय झालं ते विचारलं नाही आणि मांडी घालून बसल्या.

अव्वानं साड्या मांडल्या. अंजिरी, अबोली, हिरवी. शैला एकीवरून दुसरीवर हात फिरवत राहिली. सासरच्या बायकांनी एकमेकींकडं बघितलं. पंखा फिरत होता आणि फडताळाला लावलेल्या कागदाचं टोक दर फेऱ्याला वाजत होतं. शेवटी गौराक्का अप्पांना म्हणाल्या की शेठ, उठा, थोरलीच्या वेळी टाकली होती तशी खांद्यावर टाका. अप्पांनी रुमाल न काढता मान हलवली आणि अव्वाकडं बोट केलं.

गौराक्कांनी पुढ्यातल्या साड्या हातानं बाजूला सारल्या. मग म्हणाल्या, "शेठ, मी साडी बघाय आलोय. तुमचं तोंड न्हाय."

आमच्याकडच्या बायका असंच बोलतात, मी आलो, मी गेलो. आवाजही नेहमीचाच, मोठा. त्यात राग नव्हता, पण सांभाळून घेणंही नव्हतं. अप्पा उठले. मागं पडद्याआड माल ठेवायची एक लहान खोली होती, तिकडं गेले. पडदा हलला आणि थांबला. बसूनं माझा हात धरला. सासरच्या बायका खाली बघू लागल्या. मला वाटलं, आता अव्वा रडणार.

अव्वा रडली नाही. ती हातातली अंजिरी साडी घेऊन उठली, दुकानाच्या टोकाशी गेली आणि तिनं चादर ओढून काढली. धूळ उडाली. दुकान पुन्हा लांब झालं. मग तिनं ती साडी आपल्या खांद्यावर टाकली आणि आरशासमोर उभी राहिली, अगदी समोर, मधोमध. मला ती पाठमोरी दिसत होती आणि आरशातून समोरूनही. तिनं निऱ्या धरल्या नव्हत्या, पदर नीट केला नव्हता. ती नुसती बघत होती. इतका वेळ कुणी आरशासमोर गप्प उभं राहिलेलं मी त्या दुकानात पाहिलं नव्हतं.

"काठ उलटा धरलाईस."

पडद्याच्या फटीतून अप्पांचा आवाज आला. त्या वाक्यात ओठ मिटायला लावणारं एकही अक्षर नव्हतं, म्हणून तो स्वच्छ आला, पूर्वीसारखा. पाठोपाठ ते स्वतः आले. रुमाल कुठंतरी राहिला होता. त्यांनी अव्वाच्या खांद्यावरची साडी काढून घेतली, झटक्यात फिरवली, आणि फडफड असा तो आवाज झाला. चिमटीत निऱ्या, डाव्या हातावर पदर. आरशात त्यांचं तोंड होतं, अर्धं ओघळलेलं. त्यांनी त्याच्याकडं एकदा बघितलं. मग नजर वळवून आरशातूनच शैलाला सांगू लागले की पदर असा येतो, बाळ, पोटावर असा बसतो. प आणि ब फुसफुसत निसटत होते. कुणी हसलं नाही.

"हां," गौराक्का म्हणाल्या. "आता दिसली साडी."

त्यानंतर सकाळी दुकान उघडलं की शटर अर्धंच वर असायचं आणि आत आरशासमोर अप्पा उभे राहायचे. अव्वा त्यांच्या शेजारी. एकट्याला लाजल्यासारखं होतंय म्हणाले, म्हणून तीही करायची. दोघं गाल फुगवायची. दोघं भुवया उचलायची. प, फ, ब, भ, म. अप्पांचा गाल पहिल्यांदा फुगायचाच नाही, हवा फुस्सकन निघून जायची, आणि अव्वा मात्र इतके मोठे गाल करायची की बसू गादीवर लोळायचा. उदबत्तीचा धूर, रस्त्यावर मारलेल्या पाण्याचा वास, देवळातली घंटा, आणि बेल्जियमच्या काचेत तोंडं वेडीवाकडी करणारे माझे आईवडील. त्या वयात मला सुख म्हणजे काय असं कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आता विचारलं तर मी ती सकाळ सांगेन.

चेहरा हळूहळू जागेवर आला. पुरता नाही. हसताना डावा कोपरा जरा मागं राहायचा, जणू त्याला बातमी उशिरा कळायची. अव्वा दुकानात राहिली ती राहिलीच. काठ कसा धरायचा ते शिकली, मग अप्पांपेक्षा जास्त बायका तिलाच शोधत येऊ लागल्या. अज्जांच्या दंडकाचं पुढं कुणी नावही घेतलं नाही. माझ्या बस्त्याला मी त्याच आरशासमोर उभी राहिले.

पुढं पंजाबी ड्रेस आले, तयार ब्लाउज आले, मोठी शोरूम आली. तिथं साडी माणसाच्या नाही, बाहुलीच्या अंगावर असायची. इमारत पाडून नवी करायची म्हणून मालकानं जागा मागितली. अप्पांनी वाद घातला नाही. आरसा वाकळांमध्ये गुंडाळून टेंपोतून घरी आला, दारातून उभा मावेना म्हणून आडवा करून आत घेतला आणि भिंतीकडं तोंड करून ठेवला. त्याच अवस्थेत तो काही वर्षं होता. अप्पा त्या अवधीत गेले.

वास्तुशांतीची जेवणं उरकली. खपली गव्हाच्या खिरीचा आणि कापराचा वास सगळ्या खोल्यांतून भरला होता. पूजा सांगणारे स्वामी गेले, पाहुणे पांगले, बसू सोफ्यावरच झोपला. अव्वा दारासमोरच्या खुर्चीत बसून पानांचे देठ खुडत होती. मी तिच्या पायाशी टेकले आणि त्या दिवसाचा विषय काढला. गौराक्का, चादर, अंजिरी साडी. ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितलीय, मुलीला सांगितलीय. सांगताना नेहमी म्हणते की माझी आई त्या दिवशी आरशासमोर उभी राहिली आणि तिनं अप्पांसाठी सगळं बळ गोळा केलं. इतका वेळ ती उभी होती तेव्हा तिच्या मनात काय चाललं असेल, ते माझं मीच ठरवून टाकलं होतं. तिला कधी विचारलं नव्हतं. आज विचारलं.

अव्वा देठ खुडायची थांबली. आठवायला तिला वेळ लागला नाही.

"बळ कसलं," ती म्हणाली. "आधी साडीच बघत हुतो. मग म्हटलं, ही बाई कोण? घरातल्या आरशात टिकलीपुरतं तोंड मावायचं. पायापर्यंत मी मला कधी बघितलंच न्हवतं. लगीन झालं तवाबी न्हाय."

समोर दिव्यांच्या पिवळ्या उजेडात आम्ही दोघी दिसत होतो, टेबलाच्या वर येत होतो तेवढ्याच.

"तुझे अप्पा रुसून आत गेलतं, ते इसरूनच गेलतो बघ," ती म्हणाली, आणि पानाला चुना लावता लावता, माझ्याकडं न बघता, जरा हसली. "बरी दिसत हुतो की मी."